अमान्सियो डिसिल्वा : एका विस्मृत गिटारवादकाचे संगीत

शिरूरहून न्हावरे, चौफुला या मार्गाने दौंडकडे जाताना किती तऱ्हांचे संगीत आपण ओलांडून जातो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. चौफुल्याला संगीतबाऱ्या आहेत. ढोलकी आणि पेटी यांचा संवाद तेथे रात्र रात्र रंगतो. पलीकडे केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनामुळे मराठी ख्रिस्ती पदांचा सूर त्या गावाच्या नावाला कायमचा जोडला गेला. मग दौंड जंक्शन. मनमाडकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. लोहमार्गाच्या नोकरीनिमित्त गोव्याकडची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे येथील वसाहतीत आली, आणि त्यांच्या ट्रंकांबरोबर व्हायोलिन, बँजो आणि गिटार हीही आली. आज या पट्ट्यातील आपल्या प्रार्थनामंदिरांत रविवारच्या मिस्सेला गिटार वाजते, त्यात कोणालाच नवल वाटत नाही. तरीही एखाद्या सणाला गायनमंडळाची जुळवाजुळव चालू झाली की जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. कोणी म्हणते, गिटार हे परक्यांचे वाद्य, भजनाला पेटी-तबलाच हवा. त्यावर तरुण मुले म्हणतात, पेटी-तबला आम्हाला येत नाही, गिटार येते.

हा वाद वरवर वाद्यांचा असला तरी त्याच्या तळाशी आपण कोण आहोत हा प्रश्न आहे. तो तात्त्विक चर्चेने सुटेल असे आम्हाला वाटत नाही. ज्याने हा प्रश्न चर्चेत न आणता आपल्या बोटांनी सोडविला, अशा एका कलावंताचे संगीत ऐकून काही उजेड पडतो का ते आम्ही येथे पाहणार आहोत. त्यांचे नाव अमान्सियो डिसिल्वा. आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी हे नाव ऐकले असेल.

अमान्सियो यांचा जन्म १९३६ मध्ये मुंबईत, मूळच्या गोव्याच्या घराण्यात झाला. त्या काळी मुंबईत गोमंतकीय वादकांची मोठी वस्ती होती. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून लहान मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत, व्हायोलिन हाती देत, चर्चच्या गायनासाठी तयार करीत. या शिक्षणाच्या बळावर कित्येक तरुण मुंबईला आले आणि हॉटेलांतील नृत्याच्या बँडमध्ये व पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, ख्रिस पेरी ही या पिढ्यांतील मोठी नावे. चित्रपटातील गाणे कोणी गायिले आणि चाल कोणाची हे आपण सांगू शकतो. परंतु त्या चालीभोवती व्हायोलिनांचा आणि ट्रम्पेटांचा महाल ज्यांनी बांधला ते बहुधा आपलेच धर्मबंधू होते, हे आपल्याला कोणी शिकविले नाही. अमान्सियो या मुशीतून आले, मात्र चित्रपटाच्या वाटेला गेले नाहीत. त्यांना ओढ होती जॅझची, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेल्या त्या संगीताची, ज्यात आपल्या गायकाप्रमाणे वादक ऐन वेळी उपज करीत जातो.

हिंदुस्थानातील त्यांच्या वास्तव्याविषयी जे लिहिले गेले आहे त्यातील एक गोष्ट वारंवार भेटते. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांचे वादन ऐकून त्यांना गिब्सन बनावटीचे अमेरिकन गिटार घेऊन दिले, अशी ती आहे. एक राजघराणे, एक गोमंतकीय ख्रिस्ती वादक आणि एक अमेरिकन वाद्य असे तिघे या गोष्टीत एकत्र येतात, आणि पुढे त्यांच्या रचनांना ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ अशी नावे का मिळाली, याचाही उलगडा होतो. त्यांची पत्नी जॉइस आयर्लंडची. लहानग्या मुलाच्या आजारावर उपचार व्हावेत म्हणून हे कुटुंब १९६७ च्या सुमारास लंडनला गेले. कीर्तीच्या शोधात नव्हे, तर बापाच्या काळजीने हा मनुष्य सातासमुद्रापार गेला, हे त्यांचे संगीत ऐकताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लंडनमध्ये त्या वेळी हिंदुस्थानी संगीताची लाट आलेली होती. १९६६ मध्ये बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकू लागले आणि जो तो सतारीच्या मागे धावू लागला. या लाटेच्या किंचित आधीच एक गंभीर प्रयोगही तेथे झालेला होता. कलकत्त्यात १९३० मध्ये जन्मलेले व्हायोलिनवादक व रचनाकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी, डेनिस प्रेस्टन या निर्मात्याच्या पुढाकाराने, पाच जॅझवादक आणि पाच हिंदुस्थानी पद्धतीचे वादक समोरासमोर बसविले आणि त्यातून ‘इंडो-जॅझ’ या नावाच्या तबकड्या निघाल्या. या मेळात तबल्यावर होते केशव साठे. ते मुंबईचे मराठी तबलजी. १९५० च्या दशकातच ते लंडनला जाऊन स्थायिक झाले होते. एका मराठी माणसाचा ठेका त्या साऱ्या प्रयोगाच्या पायाशी होता, ही गोष्टही आपल्याकडे फारशी कोणी नोंदविलेली नाही.

मेयर यांचे काम मोलाचे आहे, परंतु आमच्या मते त्याच्या रचनेतच एक मर्यादा आहे. सतार, तबला आणि तंबोरा एका बाजूला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि पियानो दुसऱ्या बाजूला. आधी हे बोलतात, मग ते बोलतात. मधला भाग कागदावर नीट लिहून काढलेला. सोयरिकीच्या बैठकीत दोन्ही घरची मंडळी समोरासमोर सतरंज्यांवर बसतात, एकमेकांशी अदबीने बोलतात, चहा घेतात; पण अजून एका घरातली झालेली नसतात. तसे हे संगीत वाटते.

त्याच डेनिस प्रेस्टन यांनी लॅन्सडाउन या आपल्या ध्वनिमुद्रणगृहात अमान्सियो यांना संधी दिली आणि १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी निघाली. या शब्दाला आपण मराठीत एकात्मता म्हणू. साथीला डॉन रेंडेल (सॅक्सोफोन), इयन कार (ट्रम्पेट), डेव्ह ग्रीन (बास) आणि ट्रेव्हर टॉम्किन्स (ड्रम्स) होते. हे चौघेही ब्रिटिश आणि त्या काळच्या ब्रिटिश जॅझमधील एका नामांकित पंचकाचे घटक. या यादीत सतार नाही, तबला नाही, तंबोराही नाही. पियानोदेखील नाही.

पियानोच्या या अनुपस्थितीकडे आम्हाला वाचकांचे विशेष लक्ष वेधायचे आहे. जॅझच्या मेळात कॉर्ड पुरविण्याचे, म्हणजे एका वेळी तीन-चार स्वरांचा गुच्छ वाजवून चालीला जमीन देण्याचे काम पियानो करतो. पियानो उठून गेला की ती जबाबदारी गिटारवर येते, आणि सामान्य गिटारवादक अशा वेळी कॉर्डांनी सगळी जागा भरून टाकतो. अमान्सियो ती मोकळी ठेवतात. चालीचा मुखडा ते पुष्कळदा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या सुरात सूर मिळवून, एकेका स्वराने वाजवितात, जसे आपल्याकडे गायकाच्या गळ्यामागून सारंगी किंवा पेटी जाते. पुढे एकट्याने वाजविण्याची वेळ आली की ते एखाद्या स्वरावर उभे राहतात, त्याच्या आजूबाजूला फिरतात, त्याला वळसा घालून परत येतात. ज्याने आलाप ऐकला आहे त्याला हे चालणे ओळखीचे वाटेल. तार बाजूला खेचून ते स्वराला वाकवितात; आपण त्याला मींड म्हणतो. मात्र या मींडीला प्रदर्शनाचा वास नाही. सतारीची नक्कल करून दाखवावी, हा हेतू त्यात कोठेही दिसत नाही. हातात विजेचे गिटार आहे आणि ते गिटारासारखेच बोलते, फक्त त्याची उच्चारपद्धती वेगळी आहे. आपण मराठी माणसे इंग्रजी बोलतो तेव्हा शब्द इंग्रजी असतात आणि हेल आपल्या गावचा असतो. जो हा हेल लपवीत नाही आणि मुद्दाम वाढवूनही दाखवीत नाही, त्याचे बोलणे ऐकायला बरे वाटते. अमान्सियो यांचे गिटार तसे बोलते.

रचनांच्या नावांबद्दल मात्र आमची थोडी तक्रार आहे. ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’ ही नावे वाचली की प्रवासी कंपनीच्या भित्तिपत्रकाची आठवण होते. १९६९ च्या लंडनमध्ये हिंदुस्थान विकायचा तर नदी, राजवाडा आणि राणी यांवाचून गत्यंतर नव्हते, असे म्हणून आपण ते सोडून देऊ. नावाखाली जे वाजते ते याहून पुष्कळ संयत आणि प्रामाणिक आहे. त्याच तबकडीवर ‘जॉइस कंट्री’ नावाची एक रचना आहे. जॉइस कंट्री हा आयर्लंडच्या पश्चिमेकडील एक खराच मुलूख आहे, आणि जॉइस हे त्यांच्या पत्नीचे नाव. गंगेच्या शेजारी पत्नीचा देश त्यांनी आणून ठेवला. एकात्मता हा शब्द त्यांच्या बाबतीत सरकारी घोषणेचा नव्हता, तो त्यांच्या स्वयंपाकघरातला होता.

त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेली ‘हम दोनो’ ही त्यांची सर्वोत्तम कृती, असे आमचे मत आहे. नाव हिंदी, देव आनंद यांच्या १९६१ च्या चित्रपटामुळे आपल्या कानांवर बसलेले. येथे हे ‘दोघे’ म्हणजे अमान्सियो आणि जो हॅरियट. हॅरियट यांचा जन्म १९२८ चा, जमैकातील किंग्स्टनचा. तेथे मर्सीच्या धर्मभगिनी चालवीत असलेली अल्फा नावाची मुलांची शाळा होती. अनाथ आणि निराधार मुलांना तेथे आसरा मिळे, कवायत मिळे, आणि बँडमध्ये वाद्य शिकायला मिळे. हॅरियट त्या शाळेत वाढले, तेथे सॅक्सोफोन शिकले, १९५१ मध्ये इंग्लंडला आले आणि चालीच्या सांगाड्याचे बंधनही झुगारून देणारे ‘फ्री फॉर्म’ हे धाडसी संगीत त्यांनी १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केले. म्हणजे पाहा, एकाच्या पाठीशी गोव्याच्या धर्मग्रामांनी रुजविलेली स्वरविद्या आणि दुसऱ्याच्या पाठीशी जमैकाच्या धर्मभगिनींची शाळा. पृथ्वीच्या दोन टोकांना चर्चने पेरलेली दोन बीजे लंडनच्या एका खोलीत भेटली. ती प्रार्थनासंगीत वाजविण्यासाठी भेटली नाहीत हे खरे. परंतु पेरणाऱ्याने बी कोठे उगवावे याची अट घातलेली नसते.

हॅरियट यांनी याआधी मेयर यांच्याबरोबर काम केले होते, त्यामुळे दोन्ही प्रयोगांत काय फरक आहे हे त्यांच्या वादनावरूनच कळते. मेयर यांच्या मेळात ते पुष्कळदा आपल्या पाळीची वाट पाहत बसलेले जाणवतात. ‘हम दोनो’मध्ये कोणालाच पाळी नाही. सॅक्सोफोनचा तिखट, किंचित भाजलेला स्वर आणि गिटारचा गोल, स्वच्छ स्वर एकमेकांच्या वाक्यात शिरतात. आणि या दोघांच्या मधून नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज जातो. त्या शब्द गात नाहीत, नुसता स्वर लावतात. आपल्याकडे आकाराने गाणे ही रोजची गोष्ट. पाश्चात्त्य कानाला ते तितके रोजचे नव्हते. येथे तो आवाज सजावटीसाठी आणलेला नाही, तो आणखी एक वाद्य होऊन मुखड्यात मिसळतो.

या तबकडीवरील ‘बॅलड फॉर गोवा’ ही रचना आम्ही वाचकांना आवर्जून ऐकायला सांगू. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला तेव्हा अमान्सियो पंचवीस वर्षांचे होते. मुंबईत जन्मलेल्या गोवेकराला गोवा हा बहुधा सुट्टीतला, आजी-आजोबांच्या बोलण्यातला, लग्नाच्या निमित्ताने भेटणारा मुलूख असतो. ‘जयपूर’ आणि ‘गँजेस’ या नावांतली भित्तिपत्रकी झाक या रचनेच्या नावात नाही. ज्याला गाव सोडून पोटासाठी स्टेशनाच्या गावी यावे लागले, तो ही ओढ ओळखील. दौंडच्या कोणत्याही जुन्या घरात ती सापडेल.

यानंतरच्या कामाबद्दल थोडक्यात. १९७१ ची ‘रिफ्लेक्शन्स’ ही तबकडी आम्हाला फिकी वाटते. तिच्या उपशीर्षकात गिटारला ‘रोमँटिक’ म्हटले आहे आणि तेवढ्यावरूनच निर्मात्याची अपेक्षा कळते. मऊ पार्श्वसंगीतावर हलक्या हाताने वाजविलेल्या चाली. वाईट काहीच नाही, पण एवढ्यासाठी अमान्सियो नकोत, कोणीही चालले असते. १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाच्या मेळाकडून ‘ड्रीम सीक्वेन्स’ निघाली. आणि याच सुमारास ‘कोकण डान्स’ या नावाने केलेले ध्वनिमुद्रण त्यांच्या हयातीत बाहेरच आले नाही. ते प्रसिद्ध व्हायला २००६ साल उजाडले. तोवर त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. उत्तरायुष्यात ते लंडनच्या हॅकनी भागातील जेनाको या कलाकेंद्रात संगीत शिकवीत असत. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. जो हॅरियट त्यांच्याही कितीतरी आधी, १९७३ च्या जानेवारीत, कर्करोगाने आणि हलाखीत गेले होते. वय अवघे चव्वेचाळीस.

हे सारे विस्मृतीत का गेले? एक कारण व्यापाराचे. १९६९ नंतर ब्रिटनमध्ये रॉक संगीताने बाजार व्यापला. जॅझच्या तबकड्या थोड्या प्रतींत निघत आणि संपल्या की पुन्हा छापल्या जात नसत. ‘हम दोनो’ कित्येक दशके दुर्मीळ राहिली आणि जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांत तिची किंमत भरमसाट वाढली. ज्या संगीताने वादकाच्या संसाराला पुरेसे दिले नाही, त्याच्यावर पुढे दलालांनी पैसा केला. ही गोष्ट चीड आणणारी आहे, पण संगीताच्या इतिहासात ती नवी नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. इंग्रज समीक्षकाला अमान्सियो हिंदुस्थानी वाटले, म्हणून सतारीची लाट ओसरली तशी त्यांची आठवणही ओसरली. हिंदुस्थानी रसिकाला ते गिटार वाजविणारे, म्हणजे पाश्चात्त्य वाटले. गोमंतकीय समाजाच्या अभिमानाच्या यादीत कोकणी गाणी रचणारे आले, ते रास्तच आहे. ज्याच्या रचनांत शब्दच नाहीत त्याला त्या यादीत जागा कोठे? आणि आपण, महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती लोक, गोव्याच्या माणसाला आपला म्हणत नाही. प्रत्येकाने त्यांना दुसऱ्याच्या घरचे समजून दारातून परत पाठविले. अँथनी गोन्साल्विस यांची कथा याच जातीची. रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेण्याचा ध्यास त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत घेतला, पुढे ते अमेरिकेला गेले, आणि परतल्यावर गोव्यात निवांत राहून २०१२ मध्ये वारले. लोकांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते १९७७ च्या एका विनोदी चित्रपटगीतामुळे. ते गीत त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूच्या आठवणीसाठी त्या नावावर बेतले, हे किती जणांना माहीत आहे?

येथे एखादा वाचक विचारील की, हे सगळे ठीक आहे, पण या गृहस्थांनी चर्चसाठी एकही गीत रचल्याचे तुम्ही सांगितले नाही. मग आपल्या त्रैमासिकाची इतकी पाने त्यांना का? त्याचे उत्तर आम्हाला पुन्हा शिरूर-दौंडच्या गायनमंडळाकडे नेते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. ऑर्गनशिवाय इतर वाद्येही, ती उपासनेला साजेशी असतील तर, चालतील असेही म्हटले आहे. त्या एका दस्तऐवजातून आपल्याकडे दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीने चर्चमध्ये आल्या : मराठी भजन आले आणि गिटारही आले. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श यांच्यासारख्यांनी भारतीय चालींसाठी आयुष्य वेचले. त्याहून मागे जायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले आपले ख्रिस्तपुराण ओवीत रचलेच होते, आणि अहमदनगरकडच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वाटेने ख्रिस्तभक्तीला मराठी गळा दिला होता. परंतु भजन आणि गिटार हे चर्चमध्ये आले ते दोन वेगळ्या दारांनी, आणि आत येऊनही त्यांची नीट ओळख कोणी करून दिली नाही.

परिणाम आपण दर रविवारी ऐकतो. भजनाची चाल भैरवीच्या अंगाची आहे. गाणारा सी हा षड्ज धरतो. गिटारवाल्या मुलाला तीन कॉर्ड शिकविलेल्या असतात, सी, एफ आणि जी, आणि तो त्या आळीपाळीने वाजवितो. आता जी कॉर्डमध्ये शुद्ध रिषभ आहे आणि शुद्ध निषादही आहे. भैरवीत हे दोन्ही स्वर कोमल. गाणारी बाई कोमल रिषभावर भक्तीने थांबते आणि त्याच क्षणी गिटार शुद्ध रिषभ दणक्यात वाजविते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि एकत्र येऊन सूर मोडतात. यात मुलाचा दोष नाही. त्याला शिकविणाऱ्याने गिटार म्हणजे कॉर्ड एवढेच शिकविले. मग वडीलधारे म्हणतात, पाहा, हे वाद्यच परके. आणि मुलगा मनात म्हणतो, ही चालच जुनाट.

अमान्सियो यांच्या तबकड्या या मुलासाठी आहेत. कॉर्ड सोडून दे आणि चालीबरोबर चाल. मोकळ्या तारेवर षड्ज किंवा पंचम धरून ठेव, तंबोऱ्यासारखा. कोमल स्वराला तार किंचित खेचून पोहोच. आणि गाणारा थांबला की तूही थांब, ही पोकळी भरायची नसते. हे सारे त्यांच्या वादनात ऐकायला मिळते. गिटारवर पडदे आहेत म्हणून ते भारतीय स्वराला अपुरे, हा आक्षेपही टिकत नाही. पडदे सतारीलाही आहेत. उलट मींड मुळीच निघू शकत नाही ती पेटीतून, आणि पेटीही युरोपातूनच आली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला परकी म्हणून दाराबाहेर ठेवले होते, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवे घेऊन रागदारी वाजविली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीने ते घरोघर पोहोचले. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर वाजविले आणि १९९४ मध्ये त्या दोघांना ग्रॅमी मिळाले. त्यांनी गिटारची बैठकच बदलली. अमान्सियो यांनी बैठक बदलली नाही. आपला गायनमंडळातला मुलगा गिटार जसे धरतो तसेच त्यांनी धरले. म्हणूनच त्या मुलाला ते अधिक जवळचे ठरावेत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या बैठकांत फारशी बोलली जात नाही. आपल्यापैकी अनेक घरांत हलगी होती. ती हौसेने नव्हती, गावकीचे काम म्हणून होती. ज्या वाद्याबरोबर अपमान वाजत असे, ते वाडवडिलांनी खाली ठेवले आणि मुलांच्या हाती गिटार दिले. त्यांच्या मनात गिटार म्हणजे परदेश नव्हता, मोकळीक होती. त्या मुलाला ‘तुझे वाद्य परके’ असे सांगणाऱ्याने हा हिशोबही पाहावा. त्याच वेळी, गिटार आले म्हणजे हलगीचा ताल, ओवीचा गळा आणि चौफुल्याची लय ही सगळी लाज वाटण्याजोगी झाली, असे मात्र त्या मुलाने मानू नये. अमान्सियो यांनी अमेरिकेचे वाद्य आणि अमेरिकेची पद्धत मनापासून घेतली आणि कानात जे आधीपासून होते ते पुसून टाकले नाही.

त्यांचे अधिक कौतुक करून त्यांना थोर संत बनविण्याची गरज नाही. त्यांचे काम थोडे आहे. त्यातले दोन वर्षांतले उत्तम आणि बाकीचे असमान. ड्रम्सची लय पुष्कळदा सरळ जॅझचीच राहते. आपल्या तालांचे आवर्तन, समेची ओढ, हा भाग त्यांनी जवळजवळ अस्पर्श ठेवला. स्वराच्या बाबतीत त्यांनी जो शोध घेतला तो तालाच्या बाबतीत घेतला नाही. ढोलकी आणि हलगी कानात घेऊन वाढलेला आपला एखादा गिटारवादक तेथून पुढे जाऊ शकेल.

‘इंटिग्रेशन’, ‘हम दोनो’ आणि ‘कोकण डान्स’ ही ध्वनिमुद्रणे आता नव्या रूपात पुन्हा निघाली आहेत आणि थोडा शोध घेतल्यास घरबसल्या ऐकता येतात. आधी ‘बॅलड फॉर गोवा’ ऐकावे, मग ‘गँजेस’. गायनमंडळाच्या सरावाला अर्धा तास लवकर जमून सर्वांनी मिळून ऐकले तर अधिक बरे, आणि त्या दिवशी पेटीवाल्या काकांनाही आठवणीने बोलवावे.